दातांच्या दवाखान्याची तपासणी कोण करतं?

माझ्याकडे रूट कॅनालसाठी येणारे एक काका तुर्भ्याच्या केमिकल कंपनीतून निवृत्त झालेत. आयुष्यभर त्यांनी बॉयलर सांभाळला. मागच्या पावसाळ्यात ते खुर्चीवर होते, भूल चढायची वाट बघत होतो, आणि त्यांची नजर कोपऱ्यातल्या ऑटोक्लेव्हवर, म्हणजे अवजारं वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रावर गेली.

"हा पण प्रेशरवरच चालतो ना?"

म्हटलं, हो.

"मग याला तपासायला कोण येतं? आमच्याकडे बॉयलर इन्स्पेक्टर यायचा, फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचा, प्रदूषण मंडळाची माणसं यायची. तुमच्याकडे कोण येतं, डॉक्टर?"

तेवढ्यात त्यांचा ओठ जड झाला, मी कामाला लागले आणि प्रश्न तिथेच राहिला. नेरूळमध्ये दोन खुर्च्यांचा दवाखाना चालवायला मला चौदा वर्षं झाली, तरी त्या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात देता आलं नव्हतं. कारण उत्तर तुकड्यातुकड्यांत आहे. एक्स-रे मशीन एका कचेरीच्या अखत्यारीत, कचरा दुसऱ्या, माझी पदवी आणि नोंदणी तिसऱ्या. आणि पेशंटच्या जिवाशी ज्याचा सगळ्यात जवळचा संबंध, ते म्हणजे तोंडात जाणारं अवजार खरोखर निर्जंतुक झालंय का, हे बघायला ठरवून कुणीही येत नाही. ते आमचं आम्हालाच तपासावं लागतं. म्हणून पेशंटलाही हे सगळं माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आधी पाटीबद्दल. दंतवैद्यकाचा धंदा करायचा तर १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टपासून राज्य दंत परिषदेकडे नोंदणी लागते आणि ती वेळच्या वेळी नूतन करावी लागते. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला, पण नोंदणीशिवाय दाताला हात लावायचा नाही हे तत्त्व तेच आहे. २०१४ च्या आचारसंहितेप्रमाणे नोंदणी क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावायचा, शिवाय औषधाच्या चिठ्ठीवर आणि पावतीवरही छापायचा. पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं जपून ठेवायची. पावतीवर हा क्रमांक नसेल तर विचारा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

पण परिषद बघते ती माणसाकडे. तक्रार गेली की ती डॉक्टरची चौकशी करते, दोष आढळला तर नाव यादीतून काढू शकते. दवाखान्याच्या आत काय चाललंय ते पाहण्यासाठी केंद्राने २०१० मध्ये क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा केला, तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणीचा कायदा चालतो, आणि पेशंटला ठेवून घेऊन शुश्रूषा करणाऱ्या ठिकाणांसाठी तो आहे. दात काढून तासाभरात घरी पाठवणारा दोन खुर्च्यांचा दवाखाना सहसा त्याच्या कक्षेत येत नाही. नेरूळ, बेलापूर, खारघर या पट्ट्यात दंत महाविद्यालयं जवळजवळ आहेत, त्यामुळे आमच्या भागात सेक्टर-सेक्टरला दातांची पाटी दिसते. या छोट्या दवाखान्यांच्या आतल्या दर्जावर लक्ष ठेवणारी अशी एकच एक कचेरी नाही.

एक्स-रेचं मात्र नीट बसवलेलं आहे. अणुऊर्जा नियामक मंडळाचं मुख्य कार्यालय आमच्यापासून फार लांब नाही. वाशीचा खाडीपूल ओलांडून मानखुर्दच्या पुढे गेलं की अणुशक्तीनगर. १९८३ मध्ये स्थापन झालेलं हे मंडळ अणुभट्ट्यांपासून माझ्या खुर्चीशेजारच्या छोट्या एक्स-रे मशीनपर्यंत सगळ्यांची सुरक्षा बघतं. मशीन मंडळाने मान्यता दिलेल्या मॉडेलचंच घ्यावं लागतं, आणि 'ई-लोरा' नावाच्या त्यांच्या ऑनलाइन व्यवस्थेवर त्याची नोंदणी करावी लागते. नोंदणी पाच वर्षांसाठी असते. दर दोन वर्षांनी, आणि मशीनची मोठी दुरुस्ती झाली तर लगेच, गुणवत्ता चाचणी करून घ्यायची. टायमर सांगतो तेवढाच वेळ किरण पडतो का, व्होल्टेज दाखवतो तेवढंच आहे का, नळीच्या बाजूने किरण गळतात का, हे त्या चाचणीत मोजतात.

पेशंटला या एक्स-रेची भीती फार असते, म्हणून आकडा सांगते. माती, आकाश, अन्न, हवा यांतून जगातल्या माणसाला सरासरी वर्षाकाठी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सार मिळतोच. एका दाताच्या छोट्या डिजिटल एक्स-रेचा डोस साधारणपणे अशा एका दिवसाइतका किंवा त्याहून कमी भरतो. पूर्ण जबड्याच्या एक्स-रेचा, म्हणजे ओपीजीचा, काही दिवसांइतका. सीबीसीटी म्हणजे त्रिमितीय स्कॅनचा त्याहून बराच जास्त असतो, म्हणून "सगळ्यांचाच एकदा काढून ठेवू" असं कुणी म्हणालं तर कशासाठी हे जरूर विचारा. मी स्वतः बटण दाबताना दोन मीटर लांब उभी राहते तेव्हा काहींना वाटतं, डॉक्टर स्वतः पळतात आणि आम्हाला बसवतात. पण तुमचा एक्स-रे वर्षातून एकदा-दोनदा, माझ्यासमोर रोज पाच-सात. अंतर दुप्पट केलं की किरण चौथ्या हिश्शावर येतात, तेवढ्यासाठी ती दोन पावलं मागे.

आता कचरा. याच विषयावर दवाखान्यात खरोखर माणूस येऊन डबे उघडून बघतो, आणि नियम का आहेत ते पटकन कळतं.

जैववैद्यकीय कचऱ्याचे आताचे नियम २०१६ चे आहेत, त्याआधीचे १९९८ चे. रंग चार. रक्ताने भिजलेला कापूस, गॉज, काढलेला दात, मुदत संपलेली औषधं पिवळ्या पिशवीत, कारण ते जाळायचं असतं. हातमोजे, सक्शनची नळी, सुई काढलेली सिरिंज, असं दूषित प्लॅस्टिक लाल पिशवीत, ते निर्जंतुक करून, तुकडे करून पुनर्वापराला जातं. सुया, ब्लेड, दात कोरायचे तुटलेले बर असल्या टोकदार वस्तू पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. काचेच्या बाटल्या, अँप्युल आणि धातूचे इम्प्लांट निळ्यात. हातमोजा चुकून पिवळ्यात गेला की ते प्लॅस्टिक भट्टीत जळतं आणि विषारी धूर हवेत जातो. सुई लालमध्ये गेली की पुढे कुणाच्या तरी हाताला टोचते. त्या रंगांमागे एवढाच विचार आहे, आणि तो माझ्या मदतनीस मावशींना एकदा असा सांगितल्यावर पुन्हा कधी तक्ता वाचून दाखवावा लागला नाही.

घरी पडलेला दुधाचा दात उंदराच्या बिळात टाका नाहीतर कौलावर फेका, त्याला कोणी हरकत घेत नाही. दवाखान्यात काढलेला दात मात्र पिवळ्या पिशवीचा. त्यात चांदीचं जुनं भरण असेल तर तेही चालत नाही, कारण त्या भरणात पारा असतो आणि भट्टीच्या उष्णतेने तो हवेत मिसळतो. असे दात आणि उकरून काढलेलं जुनं भरण आम्ही झाकणाच्या बरणीत वेगळं ठेवतो.

जवळपास ७५ किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असेल तर दवाखान्याने स्वतः कचरा जाळायचा नाही, त्या केंद्रालाच द्यायचा. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून गाडी एक दिवसाआड येते. प्रत्येक पिशवीवर बारकोड, वजन केल्यावर पावती. खाटा नसलेल्या दवाखान्याला प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ऑथरायझेशन एकदाच घ्यावं लागतं, पण दरवर्षी ३० जूनच्या आत आदल्या वर्षीचा कचऱ्याचा अहवाल द्यावा लागतो. आणि नियमात एक गोष्ट आहे जी अनेक नव्या डॉक्टरांना माहीतच नसते: कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस द्यायची जबाबदारी दवाखान्याची आहे.

एकदा मंडळाचे अधिकारी आले तो प्रसंग सांगते. सकाळचे साडेअकरा, बाहेर तीन पेशंट. त्यांनी आधी ऑथरायझेशन मागितलं, मग केंद्राबरोबरचा करार, मग गेल्या सहा महिन्यांच्या पावत्या. पावत्यांच्या तारखांवरून बोट फिरवत एका जागी थांबले. दिवाळीच्या आठवड्यात चार दिवसांचं अंतर होतं. दवाखाना बंद होता, पण बंद करण्याच्या आदल्या दिवशीची पिशवी तशीच आत राहिली होती. त्यांनी ते लिहून घेतलं. मग डब्यांची झाकणं उघडली. पिवळ्या डब्यात वरच दोन निळे हातमोजे. मी मावशींकडे बघितलं, मावशी माझ्याकडे. ते हातमोजे माझेच होते, सकाळच्या घाईत मीच टाकलेले. शेवटी त्यांनी मावशींच्या लसीची नोंद मागितली. तीन डोस झाले होते, शून्य, एक आणि सहा महिन्यांचे, पण लस लागू पडली का ते पाहणारी अँटिबॉडीची तपासणी केली नव्हती. ती नियमात मागत नाहीत, त्यांनी फक्त सुचवलं. मला ते फार पटलं. दुसऱ्या दिवशी तपासणी करून घेतली आणि सुदैवाने पातळी चांगली निघाली.

सुईबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण इथे धोका खरा आहे. हिपॅटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान आठवडाभर जिवंत राहू शकतो. लस न घेतलेल्याला बाधित सुई टोचली तर संसर्गाची शक्यता शेकडा ६ ते ३०, हिपॅटायटिस-सीची दोनाहून कमी, एचआयव्हीची सुमारे ०.३. म्हणून आमच्याकडे वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावायला बंदी आहे. टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवायचं आणि एका हाताने सुई त्यात सरकवून उचलायची. टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि एचआयव्हीची शंका असेल तर औषधं शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करायची. आणि जाता जाता, घरी इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी: ती सुई ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत तिला घरगुती घातक कचरा म्हटलंय. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत साठवा आणि वेगळी द्या. तुर्भ्याच्या क्षेपणभूमीवर हाताने कचरा निवडणाऱ्या बाईच्या पंजात ती घुसते.

आता काकांच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे ऑटोक्लेव्हकडे.

ऑटोक्लेव्ह म्हणजे कुकरचाच भाऊ. उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांवर उकळतं आणि तिथेच थांबतं. त्या तापमानाला बरेच जंतू मरतात, पण धनुर्वातासारख्या जंतूंचे बीजाणू मरत नाहीत, ते कवचात बसून राहतात. दाब वाढवला की वाफ १२१ अंशांपर्यंत जाते. त्या तापमानाला किमान पंधरा मिनिटं, पाउचमध्ये बांधलेल्या अवजारांना त्याहून जास्त. १३४ अंशांवर तीन-चार मिनिटं. वेळ मोजायचा तो तापमान गाठल्यापासून, बटण दाबल्यापासून नव्हे. म्हणून "आम्ही अवजारं उकळून घेतो" हे उत्तर पुरेसं नाही.

पण नुसता दाब वाढून भागत नाही, आतली हवा बाहेर जावी लागते. आई कुकरला शिट्टी लावायच्या आधी वाफ सरळ, जोरात येऊ द्यायची, मग शिट्टी ठेवायची. त्याने आतली हवा निघून जाते. हवा अडकली तर त्या जागी वाफ पोचत नाही, आणि वाफ पोचली नाही तर तिथलं तापमानही गाठलं जात नाही. चिमटा, आरसा यांसारख्या भरीव अवजारांभोवतीची हवा वाफ स्वतःच ढकलून देते. पण एअरोटर, म्हणजे दात कोरणारं ते घूंऽऽ आवाजाचं हँडपीस, आतून पोकळ असतं. त्यात केसासारख्या नळ्या. यंत्र थांबतं त्या क्षणी तोंडातली लाळ-रक्त थोडंसं आत ओढलं जाऊ शकतं. त्या नळ्यांतली हवा काढायला पंपाने पोकळी करणारा ऑटोक्लेव्ह लागतो, त्याला आमच्यात 'क्लास बी' म्हणतात. साधा तो 'क्लास एन'. साध्यापेक्षा तो बराच महाग पडतो, आणि नवीन दवाखाना उघडणारा मुलगा खुर्चीवर, एलईडी लाइटवर, रिसेप्शनच्या फर्निचरवर खर्च करून इथे हात आखडता घेतो. पेशंटला खुर्ची दिसते, ऑटोक्लेव्ह दिसत नाही. मला हे बघून दरवेळी वाईट वाटतं.

हँडपीस दोन पेशंटच्या मध्ये स्पिरिटने पुसून वापरणं म्हणजे बाहेरून पुसणं. आत काहीच होत नाही. म्हणून दवाखान्याकडे खुर्चीच्या मानाने पुरेशी हँडपीस असावी लागतात. एक धुण्यात, एक तेलात, एक ऑटोक्लेव्हमध्ये, एक पाउचमध्ये तयार. दोन खुर्च्यांना मी दहा ठेवते.

ऑटोक्लेव्हच्याही आधीची पायरी म्हणजे धुणं. खरकटं भांडं नुसतं गरम करून स्वच्छ होत नाही, तसंच वाळलेल्या रक्ताखालच्या जंतूला वाफ लागत नाही. वापरलेलं अवजार आधी एन्झाइमच्या पाण्यात, मग अल्ट्रासॉनिकच्या टबात, मग धुऊन पूर्ण कोरडं, मग पाउच. पाउचवर मावशी तारीख आणि लोडचा, म्हणजे ऑटोक्लेव्हच्या त्या फेरीचा, क्रमांक लिहितात. आमच्या मावशी अवजार वाळलं का ते बघायला ते दिव्यासमोर धरून तिरकं करतात. थेंब दिसला की परत टॉवेलवर. हे त्यांना कुणी शिकवलं नाही.

मग झालं निर्जंतुक, हे कशावरून ओळखायचं? पाउचवरची पट्टी किंवा टेप रंग बदलते, सगळे डॉक्टर तीच दाखवतात. ती फक्त एवढंच सांगते की हे पाकीट गरम वाफेतून गेलं. पुरेसा वेळ, पुरेशा तापमानाला राहिलं का, हे ती सांगत नाही. त्यासाठी पाउचच्या आत ठेवायची वेगळी पट्टी येते, तिच्यावरची रंगाची रेघ वेळ, तापमान आणि वाफ तिन्ही जुळल्यावरच पुढे सरकते. आणि सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे बीजाणू चाचणी. उष्णतेला सगळ्यात चिवट अशा निरुपद्रवी जंतूचे बीजाणू एका छोट्या कुपीत असतात. ती अवजारांबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये घालायची, बाहेर काढून आतली नळी फोडायची आणि उबवणीला ठेवायची. जांभळा रंग जांभळाच राहिला तर बीजाणू मेले. पिवळा झाला तर जिवंत आहेत. शेजारी ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली दुसरी कुपी ठेवायची, ती पिवळी झालीच पाहिजे, नाहीतर चाचणीच खोटी. आठवड्यातून एकदा ही चाचणी करावी, असा जगभरचा सल्ला आहे. आम्ही शनिवारी संध्याकाळी ठेवतो, सोमवारी सकाळी बघतो.

चार वर्षांपूर्वी एका सोमवारी दोन्ही कुप्या पिवळ्या होत्या.

पाउचच्या टेप व्यवस्थित काळ्या झालेल्या. मशीनचा डिस्प्ले "सायकल कम्प्लीट" म्हणत होता. त्याच दिवशी चाचणी पुन्हा लावली, तीही बुधवारी पिवळी. तंत्रज्ञ आला, त्याने दाराच्या रबरी गॅस्केटवरून नख फिरवलं आणि खालच्या बाजूला दोन बोटांएवढी भेग दाखवली. तिथून वाफ हळूहळू निसटत होती. सोमवारीच आम्ही काम थांबवलं होतं, तयार पाउच सगळे परत फोडले आणि दोन सेक्टर पलीकडच्या मैत्रिणीच्या दवाखान्यात अवजारं निर्जंतुक करायला नेऊ लागलो. त्याआधीच्या शनिवारची चाचणी स्वच्छ होती, म्हणजे संशय एका आठवड्याचा. त्या आठवड्यात ज्यांच्या हिरडीला छेद दिला होता किंवा दात काढला होता, अशा नऊ जणांना मी स्वतः फोन केले. काय झालंय ते सांगितलं, हिपॅटायटिस-बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या माझ्या खर्चाने करून दिल्या, आणि संसर्ग उशिरा दिसू शकतो म्हणून काही महिन्यांनी पुन्हा केल्या. सगळे स्वच्छ निघाले. दोघांनी माझ्याकडे येणं सोडलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. त्या कुपीची चाचणी मी करत नसते, तर ती भेग किती महिने तशीच राहिली असती, हा विचार माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ती चाचणी करा असं मला सांगायला कुणी अधिकारी आला नव्हता, आणि केली नसती तर विचारायलाही आला नसता.

पाण्याचं असंच आहे. आमच्याकडे मोरबे धरणाचं पाणी येतं, नळाला चांगलं असतं. पण खुर्चीच्या आतल्या नळ्या दोन-तीन मिलिमीटरच्या, पाणी त्यांत रात्रभर आणि रविवारभर साचून राहतं, आणि आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, तांब्या-कळशीच्या तळाशी धरतो तसाच. इटलीत २०११ मध्ये ८२ वर्षांच्या एका बाईंचा लिजिओनेलाच्या न्यूमोनियाने मृत्यू झाला, तो जंतू त्या दाताच्या दवाखान्यातल्या पाण्यातून आला होता. मिलिलिटरमागे जंतूंच्या ५०० वसाहतींपेक्षा जास्त नकोत, ही पिण्याच्या पाण्याचीच मर्यादा खुर्चीच्या पाण्यालाही अमेरिकेत लावतात. उपाय साधे आहेत. नळ्या ठरलेल्या वेळी औषधाने धुवायच्या, आणि प्रत्येक पेशंटनंतर हँडपीसचं पाणी वीस-तीस सेकंद नुसतं सोडायचं. हाड उघडं पडेल अशा कामाला हे पाणी वापरायचंच नाही, निर्जंतुक सलाइन वापरायचं.

आणि सलाइनची बाटलीही दर पेशंटला नवी. तमिळनाडूत २०२२-२३ मध्ये माणसं मेंदूच्या एका दुर्मीळ संसर्गाने आजारी पडू लागली, माती आणि पाण्यात राहणाऱ्या जंतूमुळे होणाऱ्या मेलिऑइडोसिसने. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांसह तपास करणारे त्यांतल्या बऱ्याच जणांचा माग काढत एका दातांच्या दवाखान्यापर्यंत पोचले. तिथे सलाइनची बाटली निर्जंतुक न केलेल्या अवजाराने उघडून, सैल झाकून, पुढच्या पेशंटला तीच वापरली जात होती. त्या दवाखान्यात गेलेल्यांपैकी आठ जण दगावले. महागडं यंत्र नव्हतं म्हणून ते गेले नाहीत. एका बाटलीमुळे गेले.

स्वतःहून कुणाला संपूर्ण तपासणी करून घ्यायची असेल तर एनएबीएच आहे, रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणारं, भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अखत्यारीतलं मंडळ. दातांच्या दवाखान्यांसाठी त्यांची वेगळी मानकं आहेत. ते ऐच्छिक आहे आणि त्याला पैसे, वेळ, कागद सगळं लागतं. दोन खुर्च्यांच्या दवाखान्याला ते झेपेलच असं नाही. पण त्यांची मानकं वाचून स्वतःची यादी करायला काही खर्च येत नाही, मी तशीच केली.

पेशंट म्हणून तुम्ही काय बघाल? पाउच तुमच्यासमोर फोडला जातोय का आणि त्यावर तारीख आहे का. हँडपीसही पाउचमधून येतंय की खुर्चीला लटकलेलंच तोंडात येतंय. भुलेची सुई आणि औषधाची छोटी नळी (कार्ट्रिज) नवी आहे का, कारण उरलेलं भुलेचं औषध दुसऱ्याला देता येत नाही. हातमोजे घातलेल्या हाताने डॉक्टरने मोबाइल उचलला आणि तोच हात परत तोंडाकडे आला, तर "मोजे बदलता का?" म्हणायला लाजू नका. इम्प्लांट बसवून घेत असाल तर त्याच्या पाकिटावरचा लॉट क्रमांकाचा स्टिकर तुमच्या फाइलमध्ये लावून मागा. आणि बीजाणू चाचणी किती दिवसांनी करता, हा एक प्रश्न. हे सगळं विचारलं म्हणून डॉक्टर रागावला, तर दुसरा डॉक्टर शोधा. ज्याच्याकडे नोंदींची वही आहे तो रागावत नाही, वही दाखवतो.

काका कॅप बसवायला आले तेव्हा मी त्यांना आमची वही दिली. डाव्या पानावर रोजचे लोड, तापमान, दाब, वेळ, मावशींची सही, आणि आतल्या पट्ट्या चिकटवलेल्या. उजव्या पानावर शनिवारच्या कुप्यांचे निकाल. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी आधी स्वतःच्या रूट कॅनालची तारीख काढली, लोडचा क्रमांक त्यांच्या फाइलमधल्या क्रमांकाशी ताडून पाहिला. मग मागे-पुढे चाळत एका गुरुवारवर थांबले. ती ओळ कोरी होती.

"या दिवशी काय झालं?"

मावशींना आठवलं. दिवसभर वीज नव्हती, दवाखाना लवकर बंद केला होता, लोड लावलाच नव्हता.

"मग तसं लिहा," काका म्हणाले. "आमच्या लॉगबुकात कोरी ओळ चालायची नाही. बॉयलर बंद असला तर 'बंद' लिहून सही. नाहीतर तपासणाऱ्याला कळणार कसं, की काम झालं नाही का नोंद राहिली?"

मावशींनी तिथेच पेन घेतलं आणि त्या ओळीत लिहिलं, 'वीज नाही, लोड नाही', आणि पुढे त्या दिवशीची तारीख घालून सही केली.